पहिली भट्टी

काजूचा हंगाम तोंडावर आला नि भाच्याचा फोन. "मामा, यंदा घरची भट्टी घालतो. पैसे बेताचेच आहेत, काय घेऊ?" त्याने चकचकीत स्टीलचं यंत्र हेरूनही ठेवलं होतं.

मी म्हटलं, आधी अबकारी खात्याचा परवाना. तो नसेल तर पुढचं बोलूच नको. मग पैसा घाल तांब्याच्या भाणात. लहान चालेल, पण तांब्याचंच हवं. आंबलेल्या निऱ्यातला गंधकाचा उग्र वास तांबं ओढून घेतं, स्टीलला ते जमत नाही. सांध्याला शिशाचा डाक नाही ना, हे कारागिराला दोनदा विचार. ते शिसं उर्राकात उतरतं. वाफ थंड करायला मोटारीचा जुना रेडिएटर कुणी स्वस्तात देऊ केला, तर त्याला दारातूनच परत पाठव.

काटकसर करायची ती बाकीच्यात. भाणाचं तोंड लिंपायला वारुळाची माती फुकट मिळते. लिंपण मात्र घट्ट हवं, फट राहिली तर वाफ चुलीतल्या जाळाला भिडते.

"पण मामा, यंत्राला थर्मामीटर आहे!"

असेना. तो भाणालाही लावता येतो, बाबा.

सध्या स्वारी तांबटाकडे खेपा घालते आहे.