कानातली जाहिरात

पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार? 2023 च्या डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार असं विचारून मोकळे झाले. विषय सारथीच्या फेलोशिपचा होता, पण चटका आपल्यालाही बसला. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरं त्याच वर्षी आझाद मैदानात बसली होती.

त्याला उत्तर दिलंच पाहिजे. पण दोस्तहो, खरं दार दुसरीकडेच बंद होतंय.

पडेगाव-मिटमिट्यात एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली पोरं वाळूजला ठेकेदाराच्या हजेरीवर राबताना भेटतात. पीएचडी का नाही रे? ‘जागा निघाल्याचं कळलंच नाही.’ 1978 ला ठराव, 1994 ला नाव. सोळा वर्षं एका नावासाठी घरं जळाली, आणि त्या नावाच्या कमानीतून बाहेर पडलेल्याला जागा कळत नाही!

नेट-जेआरएफची परीक्षा उघड आहे, राखीव जागा आहेत, महिना 37 हजार आहेत. तिथं आपण झगडून घुसलो. प्रोजेक्टमधली जागा आणि पोस्ट-डॉक ही वेगळी भानगड. प्रोफेसराला प्रोजेक्ट मिळतो, माणूस तो निवडतो. नोटीस वेबसाइटच्या कोपऱ्यात लागते, चार दिवसांत मुदत संपते. त्याआधी गाईडनं गाईडच्या कानात सांगितलेलं असतं, आपला एक मुलगा आहे, घ्या. जर्मनीला जायचं तर शिफारसपत्रं लागतात. ती लिहिणारा आधी आडनाव वाचतो. हिलाच ते मेरिट म्हणतात.

बाबासाहेबांची बुद्धी कुणी दिली नव्हती. पण सयाजीरावांपर्यंत शब्द टाकायला केळुसकर गुरुजी होते. आपल्या पोरांना केळुसकर कोण?

आणि मटेरियल सायन्स तुमच्या घराण्यात नाही म्हणतात! ढोरवाड्यात चुन्यानं केस काढून बाभळीच्या सालीत कातडं कमावत होते, ते काय होतं? सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरतं, म्हणून चामडं सडत नाही. हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं त्यांना गावाबाहेर बसवलं.

आता कामाचं. अभ्यासिकेत एक फळा लावा. दर सोमवारी एकानं एनसीएल, आयसर पुणे, आयआयटी मुंबई, आयसीटी आणि तिचं जालन्याचं केंद्र, सगळ्यांच्या नोटिसा बघायच्या. जागा मुदतीसकट फळ्यावर लिहायच्या. परदेशासाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे: वय 35 च्या आत, 60 टक्के, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत. 2022 ला तिच्यातून भारतीय संस्कृती, इतिहास, समाज हे विषय काढले, रसायन ठेवलं. केमिस्ट्रीवाला प्रश्न विचारत नाही असं त्यांना वाटत असावं.

आधी पोचलेल्यांनी प्रोफेसराला ईमेल कसा लिहायचा ते नव्यांना बसवून शिकवायचं. पोचल्यावर जो फोन उचलत नाही, त्याच्या दारात जाऊन मोठ्यानं जय भीम घालायचा. उचलेल.

पडेगावचा फळा सोमवारी लागतोय. खडू आणा.