बघणारीला विचारा

‘मालिकांचा कसला अभ्यास करायचा?’ हा प्रश्न मराठीचे प्राध्यापक विचारतात, संपादक विचारतात, आणि रोज जेवताना मालिका बघणारी माणसंही विचारतात. वर्तमानपत्राबद्दलचा आक्षेप वरवर वेगळा वाटतो: पेपर वाचावा, माहिती घ्यावी, रद्दीत टाकावा, त्यात अभ्यासण्यासारखं काय आहे? दोन्ही आक्षेपांचं मूळ एकच आहे. मालिका म्हणजे खोटं आणि बातमी म्हणजे खरं, असं एकदा धरून चाललं की दोन्हींची तपासणी टळते. ती टाळणं आपल्याला परवडणारं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आक्षेपकांचं सर्वांत आवडतं गृहीतक असं, की मालिका बघणारी बाई भाबडी असते आणि समोर येईल ते गिळते. हे गृहीतक अपमानास्पद तर आहेच, पण खोटंही आहे. दूरदर्शनवर 1984 साली ‘हम लोग’ सुरू झाली. मालिकांतून लोकशिक्षण करण्याची जी पद्धत मिगेल साबिदो यांनी मेक्सिकोत घडवली होती, तिच्या धर्तीवर ती आखलेली होती. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं, आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. त्यातली भगवंती ही सोसत राहणारी आई. बायकांनी असं मुकाट सोसू नये, हे तिच्याकडे बघून कळावं अशी योजना होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं: अनेकांना भगवंती आदर्श वाटली होती! लिहिणाऱ्याने एक पाठवलं, बघणाऱ्यांनी दुसरंच घेतलं. माध्यमांचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी बर्मिंगहॅममध्ये 1973 साली नेमकं हेच मांडलं होतं, की अर्थ पडद्यावर पुरा होत नाही, तो बघणाऱ्याच्या घरी, त्याच्या आयुष्याच्या आधाराने पुरा होतो.

मग ‘मालिका बायकांना शंभर वर्षं मागे नेतात’ हे तरी खरं का? रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. बिहार, दिल्ली, गोवा, हरियाणा आणि तमिळनाडूतली माहिती त्यांनी तपासली. ज्या गावांत केबल पोचली, तिथे नवऱ्याने मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह उतरला, घरातल्या निर्णयांत आपला शब्द चालतो असं सांगणाऱ्या वाढल्या. मालिका पुरोगामी होत्या म्हणून हे घडलं, असा दावा मी करणार नाही. पण आपल्याला जिथे फक्त सासू-सुनेचं भांडण दिसतं, तिथे गावातल्या बाईला एकटी बाहेर पडणारी, हातात पैसा असणारी बाई दिसली असेल, ही शक्यता तिला न विचारता कशी फेटाळायची?

‘प्रेक्षकांचा अभ्यास टीआरपी करतेच की,’ असं कुणी म्हणेल. निवडक घरांतल्या यंत्रांवरून कोणती वाहिनी चालू होती आणि समोर कोण बसलं होतं एवढं कळतं. तो जाहिरातदाराचा प्रश्न आहे. पाहिलेल्याचं त्या घरात पुढे काय झालं, हा समाजाचा प्रश्न आहे, आणि तो विचारणारं यंत्र नाही. त्यासाठी माणसं पाठवावी लागतात.

कोण दिसतं आणि कसं दिसतं, याबद्दल तर आपण फारच उदासीन आहोत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका वऱ्हाडी बोलते. वर्षानुवर्षं विनोदापुरती वापरलेली बोली नायिकेच्या तोंडी आली, याचं मला अप्रूप आहे. त्याच मालिकेत तिचं तसं असणं हेच नवऱ्याला ती गावंढळ वाटण्याचं कारणही होतं, म्हणजे बोलीला मान आणि कमीपणा एकाच कथेत मिळाले. नागपूरच्या घरात यातलं काय पोचलं आणि पुण्याच्या घरात काय, हे शोधायला नको? त्याच्याही पुढे जाऊन आडनावं मोजा. किती नायिका कांबळे, पावरा किंवा शेख आहेत?

हीच मोजदाद वर्तमानपत्राला लावली की लोक बिथरतात. वास्तविक ती आपल्याकडे फार आधी झाली आहे. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अग्रलेखात डॉ. आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातली वृत्तपत्रं कोणत्या जातींचं हित पाहतात, हा प्रश्न उघड विचारला होता. माध्यमांतल्या प्रतिनिधित्वाचा अभ्यास ही परदेशातून आलेली चूष आहे, असं म्हणणाऱ्यांनी तो अग्रलेख वाचावा. आणि 29 सप्टेंबर 2006 चं खैरलांजी आठवावं. एका दलित कुटुंबातल्या चौघांची गावाने हत्या केली. सुरुवातीच्या बातम्यांत ती अनैतिक संबंधांतून झाल्याचं छापून आलं. जातीचा उल्लेख ठळक व्हायला विदर्भात लोक रस्त्यावर उतरावे लागले. त्या पहिल्या बातम्यांत कुणाचा शब्द प्रमाण मानला, कुणाला विचारलंच नाही, हे वाक्यावाक्याने दाखवता येतं. वर्गात ते दाखवलं पाहिजे.

संदर्भाचंही तसंच. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमयी’वरून आली आणि तीच कथा हिंदीत ‘अनुपमा’ झाली. एकाच बाईचं घर बंगालीतून मराठीत देशमुखांचं आणि हिंदीत गुजराती शहांचं होताना काय बदललं, हा तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला मिळालेला आयता विषय आहे. बातमीचा संदर्भही असाच शोधावा लागतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती शब्दशः सारखी छापून आली होती, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. छापलेल्या मजकुरामागचा पैशाचा व्यवहार वाचायला शिकवल्याशिवाय ते सामान्य वाचकाला कसं कळणार?

‘आधी विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरी नीट येऊ दे,’ हा शेवटचा आक्षेप मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो भाषेच्या काळजीतून येतो. पण ज्या बारकाईने ओवी वाचायला शिकवतो, त्याच बारकाईने मथळा आणि मालिकेतला प्रसंग वाचून घेता येतो. एमएच्या प्रत्येक वर्गाने एका मालिकेचा एक आठवडा आणि एका दैनिकाचा एक आठवडा घ्यावा. आधी मजकूर तपासावा, मग तालुक्याच्या गावी दहा घरांत जाऊन बसावं आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं लिहून आणावं. याला निधी लागत नाही, विद्यापीठाच्या एका ठरावाचं काम आहे.