मारायची घाई करू नका

कथास्पर्धांचे दिवस आले की कॉलेजची मुलं धंतोलीत माझ्या घरी प्रेमकथा वाचायला आणून देतात. बहुतेकींत शेवटी कुणीतरी मरतं, निम्म्यांत तर कॅन्सरनंच. पोरांनो, एवढी घाई करू नका.

आपल्या नागपूरचंच पाहा. कवी अनिलांचं रुसव्याचं एक गाणं कुमार गंधर्वांनी गायलंय. पत्नी कुसुमावती गेल्या तेव्हा पार्थिवाजवळ बसून अनिलांनी ते लिहिलं, असा मेसेज अधूनमधून फिरतो. लोक डोळे पुसतात आणि पुढे पाठवतात. कुसुमावती गेल्या १९६१ साली, कविता त्याच्या बरीच आधीची. रुसलेल्या माणसाची मनधरणी करण्यात काय कमी गोडी आहे, की वरून मरणही वाढावं?

त्यापेक्षा ‘कुसुमानिल’ मिळवून वाचा. या दोघांची लग्नाआधीची पत्रं १९७२ साली पुस्तकात आली. ओळख झाल्यावर कित्येक वर्षांनी लग्नाला १९२९ उजाडलं. मधे कुसुमावती इंग्रजी साहित्य शिकायला लंडनला गेल्या. बोटीनं पत्र जायचं, उत्तर यायला महिना तरी लागायचा. तुमच्या कथेतला नायक मात्र दुसऱ्याच पानावर ‘आय लव्ह यू’ म्हणून मोकळा होतो. मग वाचकानं वाट कशाची पाहायची?

आणि ‘सैराट’ सिनेमा? तिथं मरण आहेच की, म्हणाल. आहे. पण त्याआधी दिग्दर्शक मंजुळेंनी हैदराबादची झोपडपट्टी दाखवलीय. तिथल्या घाणीत नायिका आर्चीचा जीव कोंडतो, नायक परश्या डोसे घालतो, दोघं कडाकडा भांडतात. त्यांचा संसार आपल्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून शेवट जिव्हारी लागतो.

लिहायच्या आधी आमच्या धंतोलीत कुठल्याही दवाखान्याबाहेर तासभर बसा. परवा मी एक जोडपं पाहिलं, सत्तरीच्या पुढचं, खेड्यावरून आलेलं. आजोबांच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. आजीच्या हाताला पट्टी, तरी स्टीलच्या डब्याशी झटापट चाललेली.

“दे इकडं.”

“राहू द्या जी, सांडवाल तुम्ही.”

त्यांनी डबा ओढून घेतला, उघडला आणि खरंच सांडवला. भाजीचा रस थेट एक्स-रेच्या पाकिटावर. आजी पदरानं पाकीट पुसत किती वेळ बडबडत होत्या. आजोबा पोळीचे तुकडे करून त्यांच्यापुढं ठेवत होते, खाली मान घालून.

पुढच्या खेपेला असं काहीतरी लिहून आणा.