जॅकेट अंगात, मगच होडी पाण्यात

उन्हाळा चढला की मराठवाड्यातले जलाशय आटू लागतात, मासा उरलेल्या खोल पाण्यात गोळा होतो आणि हौशी मासेमारांचे पाय काठाकडे वळतात. परतूर तालुक्यातल्या आष्टीला असे पाणी दोन्ही अंगांना आहे. उत्तरेला निम्न दुधना धरणाचा फुगवटा, दक्षिणेला लोणी सावंगीच्या बंधाऱ्याने अडवलेली गोदावरी. अशा पाण्यावर गळ टाकायला जाणारा माणूस मिळेल त्या वाहनाने आत जातो. कुठे फायबरची होडी, कुठे चप्पू, कुठे थर्माकोलचा तराफा, तर कुठे नुसती ट्रकची ट्यूब. रॉड, रीळ, तंगूस, चारा, डबा सगळे आठवणीने घेतलेले असते. लाइफ जॅकेट मात्र बहुधा नसते, कारण समुद्राला भ्यावे आणि धरणाच्या पाण्याला भिण्याचे कारण नाही, असे आपण धरून चाललो आहोत.

हा समज किती महाग पडतो, ते २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या जलाशयात दिसले. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती, पण ज्या वाऱ्याने ती उलटली तो आपल्या ओळखीचा आहे. वळवाच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीलगत पसरते आणि पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच कित्येक किलोमीटर पुढे धावते. मोकळ्या जलाशयावर तिला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. काही मिनिटांत आखूड, उभ्या लाटा उठतात आणि ज्या होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर आहे, तिच्यात पाणी शिरते.

त्यानंतर काय होते, याचा विचार आपण करत नाही. किनाऱ्यावर तटरक्षक दल आहे, आसपास दुसऱ्या बोटी असतात. मराठवाड्यातल्या फुगवट्यात काय आहे? राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला, राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. ११२ वर फोन लागला आणि पथक तत्काळ निघाले, तरी दुधनेच्या काठी पोचायला काही तास हवेत. न पोहणारा माणूस काही मिनिटांत बुडतो. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे: जिथे मदत उशिरा येते, तिथे सुरक्षेचे साधन पहिली दहा मिनिटे निभावणारे हवे आणि ते अंगावरच हवे. होडीत घडी करून ठेवलेले जॅकेट होडी उलटताना हाताला लागत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच सांगते. नौकाविहारात बुडून मेलेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात जॅकेट नव्हते आणि बहुतेक बोटी २१ फुटांहून लहान होत्या.

जॅकेट घेताना रंगापेक्षा त्याची उचल पाहावी. पाण्यात माणसाचे तोंड वर राहायला साधारण तीन ते पाच किलो उचल पुरते, पण कपडे, बूट आणि लाटा धरून अधिक लागते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आणि काठालगतच्या पाण्यासाठी असते. फुगवट्यात आत जाणाऱ्याने १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो उचलीचे घ्यावे. ते वजनाच्या मापाचेच हवे. सगळे पट्टे आवळून कोणाला तरी ते खांद्यांतून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकले, तर ते तुमचे नाही. शिट्टी त्यालाच बांधलेली असावी. जॅकेटवर बसू नये, आतला फोम चेपतो. उन्हात टाकून ठेवू नये, कापड आणि शिलाई जळते. हंगामाच्या सुरुवातीला कंबरभर पाण्यात घालून एकदा तपासावे. ट्रकची ट्यूब याची जागा घेऊ शकत नाही. गळाचे एक टोक किंवा बाभळीचा एक काटा तिला पुरतो.

होडीतली बाकीची साधने थोडी आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे. पंधरा-वीस मीटर दोर बांधलेली लाइफ रिंग हवी, म्हणजे बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याला उडी मारावी लागत नाही. आपल्याकडे एकामागोमाग दोघे-तिघे जातात ते अशा उडीपायी. पाणी उपसायला दोरीने बांधलेला डबा आणि एक जादा वल्हे हवे. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट असावा आणि तो होडीच्या पुढच्या टोकालाच बांधावा, कारण बाजूला बांधलेला नांगर वाऱ्यात होडी आडवी करून उलटवतो. तंगूस किंवा जाळ्यात पाय अडकला तर कापायला सुरी हाताशी हवी. पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन आणि टॉर्च हवा. मोटार असेल तर तिची किल-कॉर्ड, म्हणजे ओढली जाताच मोटार बंद करणारी दोरी, चालकाच्या मनगटाला बांधलेली असावी, शिवाय लहान अग्निशामक असावा. फायबरच्या होडीच्या बैठकीखाली बंद फोमचे ठोकळे भरून घेतले, तर ती पाण्याने भरली तरी तरंगत राहते आणि उलटल्यावर धरायला आधार मिळतो. निघण्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप पाहावे. विजेचा इशारा असेल तर होडी काठालाच राहू द्यावी.

यातले कोणतेही साधन बंधाऱ्याच्या सांडव्याखाली होडी नेण्याचा परवाना नव्हे. तिथे वरून पडणारे पाणी तळाला जाऊन परत बंधाऱ्याकडेच फिरते आणि होडीला ओढून घेते. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जॅकेटची उचलही कमी पडते. उजनीच्या दुर्घटनेनंतर दोनच दिवसांनी, २३ मे २०२४ ला, अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसांची जिथे ही गत होते, तिथे मासा कितीही मोठा असला तरी आपण जाऊ नये. गोदावरीवर तर जायकवाडीपासून खाली बंधाऱ्यांची रांगच आहे. वरून पाणी सुटल्याची दवंडी किंवा संदेश आला, की गळ गुंडाळून बाहेर यावे.

कायदा हळूहळू या पाण्यापर्यंत पोचतो आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यांत्रिक बोटींची तपासणी आणि नोंदणी आहेच, वल्ह्याच्या होड्यांची नोंद स्थानिक संस्थांकडे देण्याची तरतूदही आहे. ग्रामपंचायतींनी आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी ती वापरावी, असा आमचा आग्रह आहे. होडीवर क्रमांक आणि माणसांची मर्यादा ठळक रंगवलेली असली, तरी पुष्कळ काम होईल. पण निरीक्षक येईल तेव्हा जॅकेट घालू, असे म्हणत राहणे कोणालाच परवडणारे नाही.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हौशी मासेमार बहुधा भोई बांधवांची होडी भाड्याने घेतो. हजारोंचा रॉड हातात असलेला पाहुणा कधी कधी स्वतःपुरते जॅकेट आणतो. वल्हे मारणारा माणूस मात्र उघड्या अंगाने बसतो, कारण त्याला पोहता येते. डोक्याला वल्ह्याचा फटका बसला, जाळ्यात पाय गुंतला किंवा घाबरलेल्या पाहुण्याने गळ्याला मिठी मारली, तर पोहता येणाराही बुडतो. आपल्या हौसेपायी जो पाण्यात उतरतो, त्याच्या जिवाची जबाबदारी आपली. म्हणून प्रत्येक क्लबने आणि प्रत्येक टोळीने एक जादा जॅकेट नावाड्यासाठी घ्यावे आणि हंगाम संपला की ते त्याच्याकडेच ठेवावे.

आमच्या बाजूने एक निर्णय आम्ही घेतला आहे. या अंकापासून होडीतला एक जण जरी जॅकेटविना दिसला, तरी ते छायाचित्र या मासिकात छापले जाणार नाही, मासा कितीही मोठा असो. मग तो माणूस मासेमार असो, मदतनीस असो किंवा नावाडी.