मुरूम म्हणजे मळ नव्हे

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर मुरुमे उठू लागली की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तोंड नीट धुतेस ना?’ प्रश्न काळजीपोटीच येतो. पण अस्वच्छतेचा ठपका त्यात असतोच. मूल खजील होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा घासू लागते. मुरुमे मात्र कमी होत नाहीत, पुष्कळदा वाढतात.

तारुण्यपीटिकांचे मूळ मळात नसते. या वयात शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेखालील तैलग्रंथी अधिक तेल पाझरतात. ते तेल व मृत पेशी यांनी रोमछिद्र आतूनच बुजते, तेथे जंतू वाढतात आणि दाह होतो. नाकावरचे काळे ठिपकेदेखील मळाचे नसतात. बुजलेल्या, पण तोंड उघडे राहिलेल्या छिद्रातील द्रव्याचाच तो रंग असतो. जे आत घडते ते वरून घासून कसे जावे?

घासण्याने हानी मात्र होते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या अंगसाबणाचा सामू ९ ते १० असतो. वारंवार साबण लावल्याने त्वचेचे संरक्षक स्निग्ध आवरण विरळ होते, ती कोरडी पडते, चुरचुरते आणि असलेला दाह बळावतो. अमेरिकेतील ओटो मिल्स व ॲल्बर्ट क्लिगमन या संशोधकांनी १९७५ साली अतिधुण्यातून उद्भवणाऱ्या अशा मुरुमांचे वर्णन करून त्यांना ‘ॲक्ने डिटर्जिकन्स’ असे नावच दिले.

मग चेहरा धुवावा किती वेळा? सकाळी एकदा, रात्री एकदा आणि फार घाम आला तर आणखी एकदा. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश आणि बोटांचा हलका स्पर्श पुरेसा आहे. खरखरीत उटणे, घासणी, लिंबाचा रस यांचा मोह टाळावा. चेहरा टॉवेलने रगडू नये, टिपावा. त्वचा कोरडी वाटल्यास तेलविरहित मॉइश्चरायझर लावावे. दुकानातून परस्पर आणलेली, गोरेपणाचे आश्वासन देणारी स्टेरॉइडयुक्त मलमे तर कटाक्षाने वर्ज्य करावीत. त्यांनी मुरुमे चिघळतात.

औषधोपचार सुरू केल्यावरही फरक दिसण्यास सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा. गाठी मोठ्या व दुखऱ्या असतील, व्रण उरू लागले असतील, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये; खोल व्रण पुढे सहजी पुसले जात नाहीत.

आणि मनावरचेही नाहीत. पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात लेकीच्या चेहऱ्यावर होणारी टिप्पणी ती विसरत नाही. घरच्यांनी तिला एवढेच सांगावे, ‘यात तुझा दोष नाही, आपण डॉक्टरांना दाखवू.’