गाळा देताना आडनाव का विचारतात?

अलिबागसारख्या समुद्रकाठच्या गावात हॉटेल किंवा परमिट रूम काढायची तर भांडवल लागतं, स्वयंपाकी लागतो, परवाना लागतो. पण सगळ्यात आधी लागतो तो गाळा. एक्साइजचा परवाना हवा, तर जागेचे कागद दाखवा. बँकेचं कर्ज हवं, तर भाडेकरार आणा. करारासाठी बसलं की जागामालकाचा पहिला प्रश्न येतो, "आडनाव काय?" दुसरा, "मूळ गाव कुठलं?" तिसरा प्रश्न बहुधा येतच नाही. "जागा कालच दिली हो," एवढंच ऐकू येतं. आपल्यापैकी अनेकांना हे नवीन नाही.

संविधानाच्या कलम 15(2) ने दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांची दारं सर्वांना उघडली. 1948 साली संविधान सभेत 'दुकान' शब्दात काय काय येतं असा प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ स्पष्ट केला. पण हे कलम आपल्याला गिऱ्हाईक म्हणून आत नेतं. गल्ल्यावर बसायचं तर करार लागतो, आणि तो मालकाच्या मर्जीवर ठरतो.

मोक्याची जागा कुणाच्या नावावर आहे, याला इतिहास आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच 1927 साली महाडला पाण्याचा सत्याग्रह झाला. त्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीत, 1933 पासून कुळांनी खोतांविरुद्ध कित्येक वर्षं संप चालवला. 1937 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला 1949 उजाडलं. ज्यांची कूळ म्हणून नोंद होती, त्यांना जमिनीवर हक्क सांगता आला. ज्यांची तेवढीही नोंद नव्हती, त्यांची नातवंडं आज पर्यटकांची ताटं उचलतात. त्या ताटांखालची जमीन दुसऱ्याची आहे.

म्हणून सरकारी धोरणातला 'स्थानिक' हा शब्द नीट वाचला पाहिजे. 2020 साली राज्याने आठ किनाऱ्यांसाठी बीच शॅक धोरण आणलं. त्यात अलिबागशेजारचं वरसोलीही होतं. 80 टक्के शॅक स्थानिकांना द्यायचे ठरले. चांगलंच आहे. पण स्थानिक म्हणजे किनाऱ्यालगत वाडी असलेला, की त्याच गावाच्या बाहेर वस्ती असलेलाही? हे धोरण सांगत नसेल, तर जात सांगते.

आपल्यातलेच काही विचारतील, पंचशील मानणाऱ्याने दारूच्या धंद्यात का पडावं? प्रश्न रास्त आहे. ज्याला नको, त्याने नुसती खानावळ काढावी. पण आपला पोरगा बारमध्ये ग्लास धुतो, खोकी उतरवतो, तेव्हा जागामालकाला काहीच खटकत नाही. तोच पोरगा हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन गाळा मागतो, तेव्हा मात्र मालकाला गावाचं वातावरण आठवतं. दारू सोडायची की नाही हे आपण ठरवू. गाळा सोडायचं कारण नाही.

2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला गेला. व्यवहार करायला नकार देणंही त्याच्या व्याख्येत येतं. अडचण पुराव्याची आहे, कारण जातीवरून दिलेला नकार कुणी कागदावर देत नाही. तेव्हा जागेची चौकशी लेखी करा, उत्तरं जपून ठेवा. करार झाला तर तो नोंदवूनच घ्या. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

एकेकट्याने एवढं करून भागणार नाही. खासगी मालकाचं मन बदलेपर्यंत थांबायचं नसेल, तर सार्वजनिक जागेपासून सुरुवात करू. आपल्या नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलात किती गाळे आहेत, ते कुणाला, कोणत्या भाड्याने आणि कधीपासून दिलेत, एवढं माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. पदवी घेतलेल्या प्रत्येकाला तो अर्ज लिहिता येतो.