संत्र्याची साल

मोटारींच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्या आणि रंगवणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग वारंवार येतो. फवाऱ्याने उडवलेल्या रंगाचे थेंब पृष्ठभागावर पसरून एकजीव होण्यापूर्वीच सुकू लागले, तर रंगाला बारीक खळग्यांचा पोत येतो. या दोषाला जगभर 'संत्र्याची साल' म्हणतात. तो घालवायचा तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावे लागते आणि मग मऊ कापडाने चकाकी आणावी लागते. मी वरूडला राहतो. ज्या फळावर आमच्या तालुक्याची सुखदुःखे अवलंबून आहेत, त्याच्याच सालीचे नाव एका दोषाला मिळावे याची मला सुरुवातीला केवळ गंमत वाटली होती. पुढे मात्र या नावाने मला बराच विचार करायला लावला.

निमित्त झाले ते एका सहकाऱ्यांच्या शेऱ्याचे. मी मराठी शिकवतो, आणि रात्री जेवणानंतर तासभर टेबलावर दिवा ओढून मोटारी जोडत बसतो, हे त्यांना कळले. ते म्हणाले, "सर, साहित्याच्या प्राध्यापकाने नकला कराव्यात? हा तर पोरखेळ झाला." शेरा थट्टेतला होता, पण त्यात दोन गंभीर गृहीतके दडलेली आहेत. प्रतिकृती म्हणजे नक्कल, हे पहिले. खेळणे म्हणजे बालिश, म्हणून विचाराच्या कक्षेबाहेरचे, हे दुसरे. साहित्याचा विद्यार्थी ही दोन्ही गृहीतके निमूटपणे मान्य करणार असेल, तर त्याने आपल्या शास्त्राचाच अर्धा पाया सोडून दिला, असे मला वाटते.

दुसरे गृहीतक आधी घेऊ. संस्कृत नाट्यवाङ्मयातील एका श्रेष्ठ कृतीचे नावच मुळी एका खेळण्यावरून आले आहे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' म्हणजे मातीची लहानशी गाडी. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे ते मराठी प्रेक्षकांच्याही घरचे झाले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन रडतो आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने खेळून पाहिली आहे आणि आता दासीने करून दिलेली मातीची गाडी त्याला नको आहे. वसंतसेना आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते. हेच अलंकार पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या सहाव्या अंकात ही लहान गाडी येते, त्याच अंकात मोठ्या गाड्यांची अदलाबदल होते आणि वसंतसेना चुकीच्या गाडीत चढते. दारिद्र्य, वात्सल्य आणि नियती यांचा सारा भार नाटककाराने एका खेळण्यावर टाकला आहे, आणि ते खेळणे त्या भाराखाली मोडत नाही.

आपल्या भूमीत चाकांवरच्या प्रतिकृतींची परंपरा तर नाट्यवाङ्मयापेक्षाही जुनी आहे. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) एका झुडपाच्या मुळाशी खोदताना चार ब्राँझ शिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. रथाची लांबी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर आणि त्यात उभा असलेला सारथी जेमतेम वीतभर. त्यांच्या काळाविषयी आणि प्रयोजनाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण वाहन लहान करून पाहण्याची ओढ इथे चार-दोन पिढ्यांपूर्वी परदेशातून आली, असे म्हणण्याची सोय त्या रथाने ठेवलेली नाही.

वऱ्हाड-नागपूरकडच्या वाचकाला इतके मागे जाण्याचीही गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत आणतात, घरोघरी फिरून बोजारा मिळवतात. हा बैल एका फळीवर उभा असतो आणि फळीला चार चाके असतात. खऱ्या बैलाला चाके नसतात, हे पोराला ठाऊक असते आणि सुताराला त्याहून चांगले ठाऊक असते. तरीही "हा बैल खोटा आहे" अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. उलट वशिंडाचा डौल चुकला किंवा शिंगांची वळणे सारखी नसली, तर म्हातारे शेतकरी पटकन बोट ठेवतात. म्हणजे प्रतिकृतीत काय खरे असावे लागते आणि काय खोटे असून चालते, याविषयी आमच्या गावात एक न लिहिलेले काव्यशास्त्र नांदते आहे.

पहिल्या गृहीतकाचे, म्हणजे 'नक्कल' या शब्दाचे उत्तर याच काव्यशास्त्रात आहे. मोटारींच्या प्रतिकृती बहुधा एकास चोवीस किंवा एकास पंचवीस या प्रमाणात असतात. सव्वाचार मीटरहून किंचित लांब असलेली अँबेसेडर एकास चोवीसमध्ये अठरा सेंटिमीटरची होते. इथवर भागाकार पुरतो. त्यापुढे तो हात टेकतो. मोटारीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा धरला, तर प्रतिकृतीत तो एक चोविसांश मिलिमीटर व्हायला हवा. इतके पातळ प्लास्टिक ओतता येत नाही आणि आले तरी उभे राहणार नाही. म्हणून ते मिलिमीटरभर जाड ठेवतात आणि कडा आतून तासून पातळ असल्याचा भास निर्माण करतात. रंगाचेही तेच. खऱ्या मोटारीचाच रंग लहान मोटारीला दिला, तर ती डोळ्यांना अधिक काळवंडलेली दिसते. म्हणून जाणकार रंगात थोडा पांढरा मिसळतात. मापाशी प्रामाणिक राहायचे तर नजरेशी बेइमानी होते, आणि नजरेशी प्रामाणिक राहायचे तर माप सोडावे लागते. वास्तववादी कादंबरीतील संवाद बोलण्यातून जसेच्या तसे उतरवलेले नसतात, हे आपण वर्गात शिकवतोच. त्याची ही हाताने पटवून घेण्याची रीत आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, मोठी वस्तू आपल्याला तुकड्यातुकड्यांनी कळते, लहान प्रतिकृतीत मात्र आधी संपूर्ण कळते आणि भाग नंतर. लहान करणे हे कळण्याचे साधन आहे, असा याचा अर्थ.

मात्र या छंदाचा वकील होताना एका प्रतिपक्षाला टाळून चालणार नाही. रोलाँ बार्थ यांच्या १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहात खेळण्यांवर एक छोटा निबंध आहे. त्यांचा आक्षेप असा: आजची खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाच्या आयत्या लहान आवृत्त्या आहेत. त्या मुलाला निर्माता करत नाहीत, वापरणारा आणि मालक करतात. शिवाय ती रासायनिक द्रव्यांची असतात. लाकूड मुलाबरोबर झिजते, प्लास्टिक नुसतेच मोडते. तान्ह्या पोळ्याचा सागवानी बैल आणि दुकानातील झगझगीत मोटार शेजारी ठेवून पाहिली, की बार्थ यांचे म्हणणे मनोमन पटते.

इतिहासही काही अंशी त्यांच्या बाजूचा आहे. इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीचे पहिले प्रसिद्ध मॉडेल १९४९ चा फर्ग्युसन ट्रॅक्टर. तो ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांना नमुना म्हणून देण्यासाठी बनवला होता. अमेरिकेतील एएमटी कंपनीने आधी मोटारविक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या मोटारी काढल्या आणि १९५८ साली त्यांतून जोडायचे संच निघाले. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया ही तर मुळात लाकडाची वखार. तिची लाकडी मॉडेले परदेशी प्लास्टिकपुढे टिकेनात, तेव्हा १९६० साली तिने प्लास्टिक पत्करले. म्हणजे लाकूड हरले आणि प्लास्टिक जिंकले, तेही विक्रीच्या बाजारात.

तरीही बार्थ यांच्या आक्षेपातून जोडायचा संच निसटतो, असे माझे मत आहे. कारण तो आयता नसतो. खोका उघडला की हाती येतात त्या चौकटींत अडकलेले शेदीडशे सुटे भाग. प्रत्येक भाग चिमट्याने कापायचा. साच्याची दोन अर्धुके जिथे मिळाली तिथली बारीक रेघ खरवडायची. खाचखळग्यांत लांबी भरायची, ती वाळली की घासायची. अस्तराचा एक हात द्यायचा, कारण अस्तर न चुकलेले काही दाखवत नाही, फक्त चुका दाखवते. मग पुन्हा घासायचे. या छंदातला गोंदही खरे तर गोंद नसतो. तो प्लास्टिकला क्षणभर विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरून एक होतात. बार्थ यांनी ज्या द्रव्याला निर्जीव म्हटले, ते असे हातात घेतले की लाकडासारखेच हट्टी आणि बोलके ठरते.

त्यात आमच्या हवामानाची भर. मे महिन्यात वरूडला दुपारी रंग मारायला बसलात, तर थेंब हवेतच सुकतो आणि मोटारीवर रंगाऐवजी भुकटी बसते. श्रावणात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी साय येते. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला रंगवतो आणि पावसाळ्यात फक्त घासकाम करतो. संचासोबतच्या सूचनापत्रकात हे नसते. ते पत्रक लिहिणाऱ्याने वऱ्हाडातला उन्हाळा पाहिलेला नसतो.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. संच मुलाला निर्माता करतो हे खरे, पण मोजमाप कोणाचे? १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या मॉडेलसाठी तामियाच्या प्रमुखांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली आणि भाग न् भाग पाहिला. इतक्या निष्ठेने कोणी एखाद्या वस्तूकडे पाहिले, तर तिची प्रतिकृती जगभर पोहोचते आणि वरूडच्या एका टेबलावरही जुळते. पोर्शेचे सायलेन्सर कसे वळते, हे मला डोळे मिटून सांगता येते. मी पोर्शेत कधी बसलेलो नाही.

ज्या गाडीत मी वाढलो, ती माझ्या वडिलांची मेटॅडोर होती. संत्र्याच्या हंगामात तिच्यातून माल नागपूरला जाई. ती भंगारात गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिचा संच निदान माझ्या पाहण्यात नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी ठरवले, की ही आपणच करायची. संच नाही म्हटल्यावर माप आले. माप घ्यायला गाडी नव्हती, फक्त लग्नातला एक फोटो होता. चाकाचा व्यास ठाऊक होता, त्यावरून दाराची उंची काढली, दारावरून काचेची, काचेवरून टपाची. मागच्या फाळक्याला आडव्या पट्ट्या किती होत्या, हे घरात कोणालाच निश्चित सांगता येईना. शेकडो वेळा तो फाळका मी स्वतः उघडला होता. पोर्शेचे सायलेन्सर पाठ असलेल्या माणसाला आपल्या बापाच्या गाडीच्या पट्ट्या आठवत नाहीत, याची त्या दिवशी मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

ही लाज एका छंदापुरती नाही, म्हणूनच हा लेख. साहित्याच्या वर्गात आपणही बरेचदा संच जोडत असतो. परदेशी समीक्षेतील संकल्पना खोक्यातून काढायच्या, सूचनापत्रकाबरहुकूम एखाद्या मराठी कादंबरीवर बसवायच्या, सांधे दिसू नयेत म्हणून घासायचे. मी याच लेखात बार्थ आणि लेव्ही-स्ट्रॉस आणले आहेत, तेव्हा हा दोष माझ्यासकट आहे. संच वाईट नसतात. हात त्यांवरच तयार होतो. पोर्शे जोडली नसती तर मेटॅडोरच्या वाटेला मी गेलोच नसतो. पण हात तयार झाल्यावरही जो केवळ संचच जोडत राहतो, त्याच्या भोवतालच्या वस्तू मापाशिवाय नाहीशा होतात. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. या गाड्यांचे फोटो तरी निघाले. आमच्या डवरणीच्या अवजारांचे, बंडीच्या साटीचे, संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या हातोडीचे माप कोण घेऊन ठेवणार? आणि त्या वस्तूंची नावे लिहिणार कोण? माप आणि नाव ही कामे एकाच नजरेची आहेत. ज्याला वस्तूची लांबी माहीत नाही, त्याच्या कथेत ती वस्तू फक्त उल्लेखापुरती येते.

माझी सूचना साधी आहे. वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातली किंवा शेतातली एक वस्तू मोजावी, पुठ्ठ्याची का होईना तिची प्रतिकृती करावी, आणि मग तिच्यावर दोन पाने लिहावीत. निबंध कसा बदलतो ते पाहावे. हे मी दोन वर्षे माझ्या वर्गात करून पाहिले आहे. शब्दांची संख्या कमी होते आणि विशेषणे जवळजवळ नाहीशी होतात.

मेटॅडोर गेल्या दिवाळीत पूर्ण झाली. तीन आठवडे मी तिच्या दारांच्या फटी एकसारख्या करण्यात घालवले होते. टपावर संत्र्याची साल उमटली होती, तीही घासून काढली. आईला दाखवली. तिने चष्मा लावून चारी बाजूंनी पाहिली आणि डाव्या दारावर बोट ठेवले. "हे दार त कधी नीट लागेच नाही, राजा. सुतळी कुठी हाय?"

वडील ते दार सुतळीने बांधत. मला त्याचा पूर्ण विसर पडला होता. दुसऱ्या दिवशी मी दार पुन्हा सुटे केले, बिजागरीपाशी अर्धा मिलिमीटर खाली उतरवले आणि दोऱ्याचा एक पीळ पिवळट रंगवून हँडलला बांधला. आता ते दार बरोबर लागत नाही. टपावरची साल मी उगाचच घासली, असेही अधूनमधून वाटते.